गाळलेलं नाव

या सौद्यात ट्रेडवेलचा फायदा सगळ्यात मोठा होता आणि खर्च काहीच नव्हता. उसाचा मळा त्याच्या हाताखाली होता, तोडणीला माणसं हवी होती, माणसं जपानमधून यायची होती. आणि जपानच्या दरबारात ज्याच्या शब्दाला वजन होतं असा या सगळ्या बेटांवर एकच म्हातारा उरला होता. तो ट्रेडवेलचा सासरा. राजाच्या काळात सोलोमोना कौआकाही तिथे राजदूत म्हणून जाऊन आला, तेव्हा तिथले मंत्री त्याला बंदरापर्यंत पोचवायला आले होते. राणीला गादीवरून उतरवून बसलेल्या नव्या सरकारकडे बंदुका होत्या, छापखाना होता, होनोलुलूतले झाडून सगळे वखारवाले होते. पण परक्या दरबारात उभा करावा असा एक चेहरा नव्हता. तो चेहरा लाहायनातल्या आपल्या पडवीत बसून रोज दुपारी माशाचे काटे काढत असे.

शिवाय ट्रेडवेलची बायको त्याच्याशी पुन्हा बोलायला लागली असती. राणीला परत बसवायला जानेवारीत झालेल्या बंडानंतर एमालियाचा धाकटा भाऊ नाहोआ पकडला गेला, आणि तेव्हापासून ती नवऱ्याला आपणहून फक्त जेवायला वाढलंय एवढंच सांगत होती. तेही भिंतीकडे बघून.

आता बाकीच्यांचं. एमालियाला भाऊ मिळणार होता. सोलोमोनाला मुलगा. नाहोआला स्वतःची सुटका मिळणार होती, पण ती त्याला हवी आहे का हे कुणी विचारलं नव्हतं. राणीच्या पहाऱ्यातला हा लेफ्टनंट पुरलेल्या रायफलींसकट सापडला होता. पाच वर्षं सक्तमजुरीची शिक्षा ऐकल्यावर भर कचेरीत तो म्हणाला होता, “नव्या सरकारची शपथ घेतलेल्या माणसाच्या पंगतीला मी बसणार नाही. सख्खा असला तरी नाही.” हे वाक्य आगबोटीबरोबर सगळ्या बेटांवर फिरून आलं होतं. तेव्हा विचारलं असतं तर उत्तर काय येईल, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. म्हणून तर विचारलं नव्हतं.

आणि सोलोमोनाने शपथ घेतली होती. होनोलुलूत, बंद दाराआड, जुन्या राजवाड्यात. बदल्यात नाहोआ सुटणार, आणि म्हाताऱ्याने नव्या सरकारचा राजदूत म्हणून जपानला जायचं. पण आयुष्यभर तह केलेला माणूस; त्याने आपलंही एक कलम घालून घेतलं होतं. तो जहाजावर चढेपर्यंत ही बातमी छापायची नाही. तोवर मुलगा घरी, आपल्या पंगतीला. कौआकाहीसाहेबांनी आयुष्यात केलेला हा सगळ्यात लहान मुदतीचा तह.

नाहोआ दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने येणार होता.

“त्याला एवढंच सांगायचं,” ट्रेडवेल पडवीच्या कठड्याला टेकून म्हणाला, “की सरकारने मोठ्या मनाने काही कैदी सोडले. पुढे कुणी काही बोलायचं नाही.” त्या गोऱ्याला आपली भाषा फाडफाड येत असे, पण मळ्यावर शिकलेली, त्यामुळे तो शुभेच्छासुद्धा हुकमासारख्या देई.

“मोठं मन,” एमालिया म्हणाली. “हे तुम्ही सांगा. माझ्या तोंडून निघायचं नाही.”

“अगं, काहीही सांग. ताप पसरला तुरुंगात, म्हणून सोडले म्हण.”

“ताप पसरला असता तर तो शेवटचा निघाला असता. आधी दुसऱ्यांना काढा म्हणाला असता. ओळखत नाही तुम्ही त्याला.”

“गव्हर्नर, तुम्हीच समजवा हिला.” ट्रेडवेल सासऱ्याला अजून गव्हर्नरच म्हणत असे. राजाने सोलोमोनाला या माउई बेटाचा गव्हर्नर केलं त्याच साली ट्रेडवेल लाहायनात उतरला होता, आणि कुठल्या दारात वाकायचं हे त्याने पहिल्या आठवड्यात हेरलं होतं.

सोलोमोनाने माशाचा एक काटा काढून पानाच्या कडेला ठेवला. “काही सांगायचंच नाही,” तो म्हणाला. “तो विचारेल, आपण डुक्कर भाजलंय म्हणू. भुकेला माणूस दोनदा विचारत नाही.”

एमालियाला हसू आलं आणि मग हसू आल्याचा राग आला. बाबांचं हे नेहमीचं. तहात अडचणीचं कलम आलं की ते त्यावर भांडत नसत; ते गाळून टाकत. जपानच्या दरबारात किती वाकायचं यावरून तिथले कारभारी आठवडाभर अडून बसले, तेव्हा बाबांनी वाकण्याचा उल्लेखच कागदातून काढायला लावला आणि मग हवं तेवढं वाकले. ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. लहानपणी ती तिला फार आवडायची.

ती उद्याच्या भट्टीसाठी केळीची पानं मोजत होती. मोजता मोजता तिचा हात थांबला.

“बाबा. आत्या रडेल ना.”

ट्रेडवेल म्हणाला, “रडेल तर रडू दे की. बायका रडतातच.”

एमालियाने नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं इथे काढून या माणसाला उसाशिवाय काही दिसलेलं नव्हतं.

लांबचा माणूस घरी परत आला की आपल्याकडे घरातली जाणती बाई त्याला दारात धरून रडते. नुसतं रडणं नव्हे, मोजून रडणं. तू गेलास तेव्हापासून काय काय झालं, कोण मेलं, कोण जन्मलं, कुठल्या वाटेवर आपण एकत्र भिजलो, घरातल्या कुणी काय मिळवलं, काय घालवलं, सगळं रडत रडत, ओळीने. लाहायनात अशी मोजणारी बाई एकच होती, सोलोमोनाची थोरली बहीण कापोली. दुसऱ्यांच्या घरीसुद्धा तिलाच बोलावणं जाई. तिच्या मोजणीत जमिनीचे वाद मिटले होते, कारण ती खोटं मोजत नाही हे किनाऱ्यावरच्या पोराटोरांनासुद्धा माहीत होतं. आणि नाहोआला मोजायचं म्हणजे तर तिच्याच मांडीवरचं पोर. नाळ पडायच्या आत लिपेकाने, म्हणजे सोलोमोनाच्या बायकोने, रिवाजाप्रमाणे तो नणंदेला दिला होता. तो तिला आई म्हणत असे.

“तिला माहीत आहे?” एमालियाने विचारलं.

“नाही,” सोलोमोना म्हणाला. त्याने उरलेला मासा पानात गुंडाळला आणि उठला.

कापोलीचं खोपटं त्याच आवारात, फणसासारख्या फळांनी लगडलेल्या झाडाच्या सावलीत होतं. ती केवड्याच्या जातीच्या लांब पानांची चटई विणत बसली होती. सोलोमोना उंबऱ्याशी खाली बसला. बसताना त्याने छातीवर हात दाबून धरला आणि मग, तिने पाहिलं असं वाटून, तो हात गुडघ्यावर नेला.

“अक्का, मासा आणलाय.”

“मासा आणलायस म्हणजे काहीतरी मागायला आलायस. पहाऱ्यावरचा शिपाई होतास तेव्हा सरळ मागायचास. गव्हर्नर झालास तेव्हा घुटमळायला लागलास. राजदूत झाल्यापासून मासा घेऊन येतोस.”

“बरा मासा आहे.”

“ठेव तिथे. ही चटई त्याला आहे. दगडावर निजवतात म्हणे तिथे. तुझा जावई सांगून गेला, मोठ्या मनाने सोडला. मी म्हटलं, मन कुठून आणलं यांनी? आगबोटीतून?”

तो हसला. ती हसली नाही.

“मी शपथ घेतली, अक्का.”

तिच्या बोटांनी हातातलं पान पूर्ण विणून घेतलं. मग ती थांबली.

“कुठे?”

“राजवाड्यात.”

“कुठल्या दालनात?”

“राजाने जपानला पाठवताना मला जिथे पट्टा बांधला, तिथेच.”

“खुर्च्या बदलल्या असतील.”

“त्याच आहेत.”

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. देवीच्या साथीच्या वर्षी, पोरसवदा शिपाई असताना, हाच हात आजाऱ्यांच्या कुंपणावरून आत पाणी पोचवत होता; सोबतचे पळून गेले तरी हा जागचा हलला नव्हता. ते तिने कितीदा मोजलं होतं. लोक तेवढ्यासाठी पुन्हा मोजायला लावत.

“पोरासाठी?” तिने विचारलं.

“पोरासाठी.”

“त्याला विचारलंस?”

“तू विचारलं असतंस?”

“मी विचारलं असतं. आणि तो नाही म्हणाला असता. आणि मी पाच वर्षं चटया विणल्या असत्या.”

“तुझ्याकडे पाच वर्षं आहेत?” सोलोमोना म्हणाला. “माझ्याकडे नाहीत. मी जपानहून परत येईन असं मला वाटत नाही, अक्का. जिना चढताना मधेच बसावं लागतं. नव्या सरकारला तो जिना दिसला नाही, चेहरा दिसला. जहाज निघेपर्यंत पोरगा माझ्या ताटाशेजारी बसू दे, एवढंच आहे. मग कळू दे त्याला. मग शिव्या घालू दे. मी समुद्रावर असेन.”

“आणि शिव्या खायला मी इथे असेन.”

“तुला कोण शिव्या घालणार? तू काय केलंयस?”

बाहेर एमालियाचा आवाज आला. ती कुणाला तरी भट्टीचे दगड नीट रचायला सांगत होती. कापोली म्हणाली, “उद्या मी रडणार आहे. आणि मी खोटं मोजत नाही.”

“खोटं मोजू नकोस. एवढं एक वगळ.”

“एवढं एक? तुझं एकदा नाव घेतलं की शेवटापर्यंत जावं लागतं. शिपाई, मग गव्हर्नर, मग राजदूत, मग राजा गेला, राणीची गादी गेली, मग हे वर्ष. या वर्षी तू काय केलंस? घरी मासे खाल्लेस असं मोजू?”

“मग माझं नावच घेऊ नकोस. माझ्यावाचून मोज.”

कापोलीने चटई बाजूला ठेवली. “कळतंय तुला काय बोलतोस ते?”

“न बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, अक्का. उभा जन्म मी यावर काढला.”

“तुझा जन्म या गोऱ्या हाओल्यांच्या खुर्च्यांवर गेला. तो माझ्यापाशी वाढलाय.”

पण तिने नाही म्हटलं नाही. तो उठताना परत छातीशी गेलेला हात तिने पाहिला होता. तो गेल्यावर तिने मासा मांजराला घातला, आणि मग मांजराच्या तोंडून अर्धा काढून घेऊन स्वतः खाल्ला, कारण मासा खरंच बरा होता.

सकाळी आगबोट खोल पाण्यात उभी राहिली आणि उतारूंना घेऊन होडी किनाऱ्याला लागली. नाहोआ पाण्यात उतरला तेव्हा आधी कुणी ओळखलंच नाही. खांदे रुंद झाले होते, बाकी सगळा आटला होता. हातांना दगडाची पांढुरकी भुकटी कायमची बसल्यासारखी. वाटेने येताना तो कुणाशी बोलला नाही. माणसं बाजूला होत होती, आणि बायका आपापल्या दारातून हळू आवाजात रडायला सुरुवात करून मधेच थांबत होत्या, कारण पहिला मान कापोलीचा.

ती पडवीत नव्या चटईवर बसली होती. नाहोआने तिच्यासमोर गुडघे टेकले, रीतीप्रमाणे तिच्या नाकाला नाक लावून श्वास घेतला. तिने त्याचे दोन्ही खांदे धरले आणि गळा काढला.

“आलास रे, आलास, माझ्या मांडीच्या बाळा! नाळ ओली होती तेव्हा केळीच्या पानात धरून तुला आणला, पावसातून आणला, त्या पावसाचं नाव मला आठवतं! डोंगरातला वारा छप्पर उचलून घेऊन गेला, तेव्हा आपण दोघं उपड्या होडीखाली निजलो, तू आणि मी, आणि तू वाऱ्याला शिव्या दिल्यास, माझ्या एवढ्याशा शूरा! ओढ्याकाठची वाट आपली, शेवाळाचे दगड आपले, त्या वाटेवर तुझा दात पडला! लिपेका गेली, तुझी जन्माची आई गेली, तू पाणी मागितलंस, मी दिलं!”

नाहोआने डोळे मिटले होते. सगळ्या तुरुंगवासात त्याने एवढ्याच एका गोष्टीची वाट पाहिली होती. रात्री इतर कैदी बायकांची, जेवणाची स्वप्नं सांगत. तो मनात ही मोजणी म्हणून बघे, कुठपर्यंत आठवते ते. तिचा क्रम त्याला ठाऊक होता. लिपेकानंतर बाबा येत. देवीचं कुंपण येई. मग दुष्काळ, आणि गव्हर्नरने हाताने फोडलेला पाटाचा बांध, पाणी आधी गरिबांच्या अळूच्या खाचरात सोडलं ते. मग जपान. मग तो.

“राणीच्या दारात तू उभा राहिलास, कंबरेला पट्टा, माझ्या सरळ माडा!” कापोली रडत होती. “तुला नेलं, हातात लोखंड घालून नेलं, मी किनाऱ्यावर होते! तू नव्हतास तेव्हा एमालियाचं बाळ जन्मलं, बाळ गेलं! तू नव्हतास तेव्हा दारचं झाड वाऱ्याने मोडलं! तू नव्हतास तेव्हा माझे डोळे मंदावले, चटईची कड धूसर झाली! आलास रे, आलास!”

ती थांबली. दारोदारच्या बायकांनी मग आपला आवाज मिसळला.

नाहोआ तसाच गुडघ्यावर राहिला. तो अजून ऐकत होता. त्याला वाटलं, ती श्वास घेतेय. मग कळलं की मोजणी संपली.

त्याने डोळे उघडले. बाबा पडवीच्या खांबाशी उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात, हात पुढे करून. धडधाकट. म्हणजे मेलेले नव्हते. मेलेल्यांना तर ती मोजतेच. कौआकाहींच्या घरात एकदाच एक नाव गाळलेलं त्याने ऐकलं होतं. एका काकाने राजाच्या मुडद्यावरचं पिसांचं आच्छादन परक्या व्यापाऱ्याला दिलं, तेव्हा आजीच्या मयतीला कापोलीने त्याच्यावरून मोजणी उडी मारून पुढे नेली होती. तो काका जिवंत होता, समोर बसला होता, त्याच्या हातात केळं होतं. त्या दिवसानंतर तो पुन्हा दिसला नाही.

नाहोआ उठला. त्याने बाबांच्या नाकाला नाक लावलं. म्हाताऱ्याने त्याला घट्ट धरलं, जरा जास्तच वेळ.

“वाळलास,” सोलोमोना म्हणाला.

“तुम्हीही.”

“चला, चला, डुक्कर थंड होतंय!” ट्रेडवेल ओरडला. तो खरंच खुशीत होता. एमालिया सकाळपासून त्याच्याशी चार वाक्यं गोडीने बोलली होती.

पंगत चटईवर मांडली. भट्टीतून काढलेलं डुक्कर, रताळी, खारवलेला मासा, समुद्री शेवाळाची चटणी, आणि मधे लाकडी भांड्यात सगळ्यांना मिळून पोई, अळूच्या कंदाची घोटलेली खळ. सोलोमोनाने मुलाला आपल्या उजव्या हाताला बसवलं. पहिला तुकडा स्वतः तोडून त्याच्या पानावर ठेवला.

“घे. तुझ्या भट्टीचे दगड सकाळी मी फिरवलेत.”

“बाबांनी नुसते हुकूम सोडलेत,” एमालिया म्हणाली. “घाम आमचा.”

“गव्हर्नरचं कामच ते,” ट्रेडवेल म्हणाला, आणि एकटाच हसला.

नाहोआने दोन बोटं पोईत बुडवली. बोटं तोंडाकडे नेली. मग ती तशीच खाली आणली आणि पानाला पुसली. एमालियाने ते पाहिलं.

“ताई,” तो म्हणाला, “भांडं झाक.”

पोईचं भांडं उघडं असताना आपल्याकडे कुणी वाकडं बोलत नाही, भांडत नाही, आवाज चढवत नाही. अन्न ऐकतं. म्हणून भांडं झाकायला सांगणं म्हणजे काय, ते चार वर्षांच्या पोरालाही कळतं.

“जेवून घे ना आधी,” एमालिया म्हणाली. “नाहोआ, जेव तरी. मग बोल काय ते.”

“झाक, ताई.”

तिने पान ओढून भांड्यावर ठेवलं.

“बाबा, आई तुम्हाला विसरली.”

“म्हातारी झालीय,” सोलोमोना म्हणाला. “तूच ऐकलंस ना, डोळे मंदावलेत म्हणून. आता...”

“मी विसरले नाही,” कापोली म्हणाली. ती पंगतीच्या कडेला बसली होती आणि तिने पानाला हात लावला नव्हता. भावाने मागितलं ते तिने दिलं होतं. पण विसरली म्हणवून घेणं त्यात नव्हतं.

ट्रेडवेलने खोकून घसा साफ केला. “अरे, सरकारने मोठ्या मनाने...”

“भाऊजी, तुम्ही खा,” नाहोआ म्हणाला. मग बापाकडे वळून, अगदी शांतपणे: “मग तुम्हीच मोजा, बाबा. तुमची मोजणी मला ऐकायचीय. मी तिथे रोज म्हणत होतो.”

सोलोमोनाने आयुष्यात पुष्कळ टेबलांवर पुष्कळ माणसांना उत्तरं दिली होती. त्याला वेळ मागता आला असता, विषय बदलता आला असता, छाती धरून आडवं पडता आलं असतं. आणि ते खोटंही झालं नसतं. त्याने मुलाच्या हातांकडे पाहिलं, त्या पांढुरक्या भुकटीकडे.

“देवीच्या साथीत कुंपणावर होतो,” तो म्हणाला.

“हो.”

“दुष्काळात बांध फोडला.”

“हो, बाबा.”

“जपानला गेलो. आपलं निशाण वर चढेपर्यंत बोटीतून उतरलो नाही. कारभारी पावसात उभे राहिले.” म्हातारा क्षणभर हसला. मग हसू गेलं. “राजा गेला तेव्हा त्याच्या पायाशी होतो. राणीला खाली उतरवलं तेव्हा घरी बसलो. आणि या वर्षी शपथ घेतली.”

एमालिया रडायला लागली, न मोजता, ओंजळीत तोंड घालून.

“माझ्यासाठी,” नाहोआ म्हणाला.

“तुला न विचारता.”

“मला जमत होतं, बाबा. पहिले महिने नाही जमलं. मग जमायला लागलं होतं.”

“मला जमत नव्हतं,” सोलोमोना म्हणाला. “जहाजावर जायच्या आधी तू जेवशील इथे, म्हणून. एवढंच.”

“मी कचेरीत बोललो होतो. तुम्हाला कळलं होतं ना?”

“सगळ्या बेटांना कळलं होतं.”

“मग?”

“मग काही नाही. मी शपथ घेतली.”

नाहोआ उठला. रागाने नाही, दमलेला माणूस उठतो तसा. त्याने वाकून बापाच्या कपाळाला कपाळ टेकलं, नाकाला नाक लावलं, आणि श्वास आत ओढून धरला, जणू पाण्यात बुडी मारायची आहे. मग सोडला. सोलोमोनाने त्याचं मनगट धरलं होतं; ते त्याने आपणच सोडून दिलं.

पडवीच्या पायरीशी कापोलीने त्याला गाठलं. “मी येते. कुठे जाशील? समोर लानाई बेटावर तुझ्या मामाची होडी आहे, तिथेच जाशील ना? मी येते. चटई घेते आणि येते.”

“नको, आई.”

“मी सांगितलं नाही म्हणून? त्याने मागितलं रे. छातीला हात लावून मागितलं.”

“त्यांनी मागणं मला समजतं,” नाहोआ म्हणाला. “ते राजदूत आहेत. कुणाकडेही काहीही मागतील. तू दिलंस.” त्याने पायरीवरून पाय खाली टाकला. “तुरुंगात सगळे सगळ्यांना खोटं सांगत, आई. वॉर्डन, वकील, पाद्री. मला वाटे, घरी गेलो की एक माणूस आहे. तिच्याकडून काय झालं ते नीट कळेल.”

“मी खोटं नाही मोजलं.”

“नाही.”

तो वाळूवरून चालत गेला. संध्याकाळच्या आत एक होडी मधला समुद्र ओलांडून लानाईकडे गेली. एमालिया पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरून हाका मारत होती, आणि ट्रेडवेल काठावर तिचे जोडे हातात धरून उभा होता.

सोलोमोना ठरल्या दिवशी जहाजावर चढला. नव्या सरकारने बँड पाठवला होता. जपानच्या दरबारात म्हाताऱ्याचं स्वागत पहिल्यासारखंच झालं म्हणतात; करार झाला; आणि तिथल्याच एका उतरत्या जिन्यावर, चढत्या नव्हे, तो बसला तो उठला नाही. वर्तमानपत्रात त्याच्यावर मोठा मजकूर आला. सैनिक, प्रशासक, मुत्सद्दी, असं वर ठळक लिहिलं होतं. मुलाचा उल्लेख नव्हता.

तर आता जमाखर्च. ट्रेडवेलला माणसं मिळाली आणि मळा डोंगराच्या पायथ्यापर्यंत चढला. बायको त्याच्याशी बोलते, पण आता त्याला वाटतं की आधीचं बरं होतं. नव्या सरकारला चेहरा मिळाला, अर्ध्या वर्षापुरता. नाहोआला सुटका मिळाली. तो लानाईवर मासे मारतो, आणि तिकडचे लोक सांगतात की रोज सकाळी पाण्यावर तो तासभर काहीतरी पुटपुटत असतो. बापाने जे द्यायचं ते एका दुपारी, झाकलेल्या भांड्यासमोर देऊन टाकलं.

कापोलीचं मात्र अजून चालू आहे. लाहायनात माणसं परत येतात, कुणी बोटीवरून, कुणी दवाखान्यातून, कुणी दुसऱ्या बेटावरच्या लग्नातून. दारात चटई पसरली जाते. आणि वरच्या गल्लीतल्या एका तरण्या बाईला बोलावणं जातं, जिला निम्मे पाऊस आणि निम्मे वारे नावाने ओळखता येत नाहीत. कापोलीच्या घरावरून जाताना लोक अदबीने थांबतात, तब्येत विचारतात, फळं देतात. मोजायला कुणी बोलवत नाही. तिने भावाचं ऐकलं, त्याची किंमत अशी आली.